नाताळचा मुक्काम सांवेरच्या शेतावर : अनुभव, आणि एक-दोन प्रश्न

नगरची_वाटसरू | २८ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सहा वर्षांचा धाकटा, अकरा वर्षांची थोरली आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई, एवढ्यांना घेऊन चार महिने गाडीतून हिंडावं का, असं मी ऑक्टोबरात इथेच विचारलं होतं. ज्यांनी तेव्हा धीर दिला त्यांचं देणं लागते, म्हणून हा धागा.

गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. सीटा काढून दोन फळ्यांचे पलंग, एक ओटा आणि पाण्याची टाकी बसवलीय. नगरहून वेरूळ, अजिंठा, बऱ्हाणपूर, ओंकारेश्वर, महेश्वर करत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इंदूर गाठलं. गाडीत राहणाऱ्यांना शहरात रात्रीची जागा मिळणं कठीण जातं. नवऱ्याच्या जुन्या सहकाऱ्याने उज्जैन रस्त्यावर, सांवेरच्या अलीकडे, ओळखीच्या एका मराठी कुटुंबाच्या शेतावर सोय करून दिली. तीन-चार पिढ्यांपासून माळव्यात आहेत. घरी सगळे मराठी बोलतात, गड्यांशी माळवी, आणि भांडण झालं की हिंदी. घरात माई (वय ऐंशीच्या पुढे), दादा, वहिनी आणि त्यांचा मुलगा.

आम्ही ख्रिस्ती आहोत. सासूबाईंनी आयुष्यात नाताळच्या सकाळची उपासना एकदाही चुकवलेली नाही. बाळंतपणानंतर नवव्या दिवशीसुद्धा त्या टांग्यातून देवळात गेल्या होत्या. त्यामुळे बेत पक्का होता: चोवीसची रात्र शेतावर काढायची, पंचवीसला सकाळी इंदूरच्या व्हाइट चर्चला जायचं.

चोवीसला दिवसभर आमची नाताळची चांदणी बांधायची चालली होती. तुराट्या वहिनींनी दिल्या. संक्रांत जवळ आल्याने सांवेरच्या बाजारात पतंगाचा कागद मिळाला. खळ मैद्याची. थोरलीने पाच टोकं बांधली, पण एक टोक सारखं लोंबायचं. शेवटी दादांच्या मुलाने त्याला सायकलच्या स्पोकचा आधार दिला. आत छोटी बॅटरी घालून चांदणी विहिरीजवळच्या आंब्याला टांगली. ती उज्जैन रस्त्यावरून दिसते, असं दूधवाला सांगून गेला. धाकट्याची छाती फुगली.

त्या रात्री दादा झोपणार नव्हते. मटार काढून उशिरा पेरलेल्या गव्हाला एकवीस दिवस झाले होते. याच वेळी मुकुटमुळं फुटतात आणि याच पाण्यावर पुढचे फुटवे ठरतात, म्हणून पहिलं पाणी चुकवून चालत नाही. शेतीची लाईट पाळीने येते आणि त्या आठवड्यात पाळी रात्रीची होती. जेवण झाल्यावर डोक्याला मफलर गुंडाळून, खांद्यावर फावडं टाकून ते दारं धरायला, म्हणजे पाणी एकेका वाफ्यात वळवायला, निघून गेले. गाडीतला थर्मामीटर ७ अंश दाखवत होता.

रात्री बाराच्या सुमारास आम्ही पाचजण गोठ्यात गेलो. ही कल्पना सासूबाईंची. गोठ्यात दोन गाई, एक म्हैस आणि खाली पसरलेलं सोयाबीनचं भुसकट. गव्हाण दगडी आहे. पिढ्यानपिढ्या गुरांच्या माना घासून तिचा पुढचा काठ इतका गुळगुळीत झालाय की बॅटरीच्या उजेडात पाण्यासारखा चमकत होता. धाकट्याने मातीचा बाळ येशू रुमालात गुंडाळून आत ठेवला. सासूबाईंनी दोन्ही हात आत घातले, तळाशी राहिलेला कडबा चाचपला आणि तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साठ वर्षं गव्हाणी, गव्हाणी म्हणत गायले. आत हात आज घातला. केवढी गार आहे गं." मग त्यांनी स्वतःची शाल काढून आत अंथरली. म्हशीने ती हुंगली आणि तिच्यावर मोठा ऊन श्वास सोडला.

तिथे आम्ही तीन भजनं म्हटली, रेव्हरंड टिळकांची. पेटी नाही, तबला नाही, सासूबाईंचे टाळ तेवढे. माई जागी होईल म्हणून आवाज हळू ठेवला होता. लांब गव्हात दादांची बॅटरी हलताना दिसत होती. सासूबाई थोरलीला सांगत होत्या, "लूकच्या शुभवर्तमानातले मेंढपाळ असेच रात्री रानात राखण करत होते, बघ." दुसरं भजन सुरू झालं आणि ती बॅटरी दिसेनाशी झाली. सेल संपले असतील असं आम्हाला वाटलं.

सकाळी सहाला उठलो तर गाडी एका बाजूला कललेली. उंदराच्या बिळातून बांध फुटला, असं दादा म्हणाले. रात्रभर पाणी आमच्याकडे येत राहिलं आणि मागचं डावं चाक काळ्या मातीत निम्मं गेलं. नवऱ्याने गाडीला रेस दिली तसं ते आणखी खाली गेलं. ट्रॅक्टर दुपारपर्यंत मोकळा नव्हता आणि आठ वाजून गेले होते. सासूबाई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून, पायांत चपला घालून पुढच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांनी कुणाला काही म्हटलं नाही, आणि तेच मला बघवेना.

माई काठी टेकत आल्या. गाडीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. म्हणाल्या, "तुमच्या देवळात काय काय करतात ते सांगा. इथे करू." आंब्याखाली सतरंजी घातली. सासूबाईंनी वाचन केलं, आम्ही गायलो, नवऱ्याने प्रार्थना केली. माई, वहिनी, गडी आणि त्याची बायको शेवटपर्यंत बसून होते. दादा मात्र आले नाहीत. रात्रभर जागरण झालं म्हणून झोपले असतील, असा आमचा समज.

दुपारी दाल-बाफले. जाडसर गव्हाच्या पिठात तुपाचं मोहन आणि ओवा घालून गोळे करायचे, ते हळदीच्या पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून तुपात बुडवायचे. बाटी आणि बाफला यांत फरक या उकडण्याचाच. उरलेले बाफले कुस्करून त्यात तूप-साखर घालून लाडू वळले. आमच्या करंज्या बऱ्हाणपुरातच संपल्या होत्या, त्यामुळे यंदाचा नाताळचा फराळ तोच.

आता प्रश्न. एक, थंडी फार आहे. तेवीसच्या रात्री निखाऱ्यांची शेगडी गाडीत ठेवून झोपलो, छान ऊब राहिली. तुम्ही काय करता? दोन, अशा काळ्या मातीत गाडी कुठे लावावी? तीन, या लोकांनी पैसे घ्यायला साफ नकार दिलाय. आम्ही अजून चार दिवस इथे आहोत. काय करावं?

---

राजवाडा_ते_सराफा | २८ डिसेंबर, रात्री १०:१५

ताई, इंदूरला आलात आणि आम्हा लोकांना सांगितलंही नाही! वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

व्हाइट चर्च चुकलं ते चुकलं, पण ३१च्या रात्री किंवा १ तारखेला जरूर जा. रेड चर्चही पाहा. आजीबाईंना इंदूर ख्रिश्चन कॉलेजसुद्धा बाहेरून दाखवा. कॅनडाच्या मिशनऱ्यांनी १८८७ मध्ये काढलेलं कॉलेज आहे. माझे आजोबा तिथलेच, आणि नाताळाच्या दिवसांतल्या तिथल्या गाण्यांची आठवण शेवटपर्यंत काढायचे. जात्यावर दळताना पुटपुटावं तसं एक इंग्रजी गीत ते दाढी करताना म्हणायचे.

आणि रात्री सराफा बाजारात गराडू खा. फक्त थंडीत मिळतं. कंद तळून वर जिरावन मसाला आणि लिंबू. धाकट्याच्या गराडूवर जिरावन कमी टाकायला सांगा.

---

नाडीपरीक्षा | २८ डिसेंबर, रात्री १०:३२

लेख सुंदर आहे, पण आधी पहिल्या प्रश्नाबद्दल, आणि हे कृपया आजच वाचा.

बंद गाडीत किंवा तंबूत शेगडी ठेवून पुन्हा कधीही झोपू नका. आज रात्रीही नाही, काच थोडी उघडी ठेवूनही नाही. निखारे जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने त्याला धरून ठेवतं, म्हणून थोडासा वायूही पुरतो. निखाऱ्यांवर ज्वाळा किंवा धूर दिसत नाही, म्हणून लोकांना ते सुरक्षित वाटतात. धोका तिथेच आहे. जागेपणी डोकं दुखतं, मळमळतं, गळून जायला होतं. झोपेत यातलं काही कळत नाही, माणूस फक्त आणखी गाढ झोपतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं आधी सापडतात, आणि तुमच्या गाडीत दोन्ही आहेत.

कधी शंका आलीच तर पहिल्यांदा सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा, मग हॉस्पिटल. दरवर्षी थंडीत अशी कुटुंबं पाहिली आहेत, म्हणून एवढं जोर देऊन लिहितेय.

ऊब हवी असेल तर झोपण्याआधी बाहेर शेकून घ्या. गरम पाण्याच्या रबरी पिशव्या घट्ट बंद करून, फडक्यात गुंडाळून पांघरुणात ठेवा. अंगाखाली जाड घोंगडी किंवा गोधड्यांचे दोन थर घाला, कारण थंडी खालूनच जास्त शिरते. लोकरीची टोपी, कोरडे मोजे.

---

नगरची_वाटसरू | २८ डिसेंबर, रात्री १०:५१

डॉक्टर, हात थरथरतायत. चोवीसला सकाळी सासूबाई म्हणाल्या होत्या की डोकं जड झालंय, आणि मी त्यांना आल्याचा चहा देऊन मोकळी झाले. धाकटाही उठता उठत नव्हता. पंचवीसला गडबडीत शेगडी पेटवायची राहिली आणि नंतर गोवऱ्या ओल्या झाल्या, एवढ्यावर निभावलं.

आत्ताच शेगडी वहिनींच्या ओसरीवर नेऊन ठेवली. नवऱ्यालाही तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तुमचे आभार कसे मानू?

---

नाडीपरीक्षा | २८ डिसेंबर, रात्री १०:५८

आभार नकोत. गाडीच्या दारावर लिहून चिकटवा, म्हणजे पुढच्या थंडीत आठवण राहील.

---

काळीमाती | २९ डिसेंबर, सकाळी ६:२०

राम राम. मी देपालपूरकडचा, चाळीस वर्षं शेतीत. दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो.

आमची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की हात जाईल अशी भेगाळते. कोरडी असताना तिच्यावर ट्रक उभा करा, काही होत नाही. तीच माती ओली झाली की लोणी, आणि चाकाला अशी चिकटते की चाक फिरेनासं होतं. अडकल्यावर रेस देणं ही सगळ्यांत मोठी चूक, चाक स्वतःचा खड्डा खणतं. चाकापुढची माती फावड्याने काढा, तुराट्या किंवा पोती घाला, टायरातली हवा थोडी कमी करा आणि दुसऱ्या गियरमध्ये हळू काढा. नाही निघाली तर ट्रॅक्टरची वाट बघा. घाई करू नका.

गाडी लावायची जागा म्हणजे खळं. तिथली जमीन वर्षानुवर्षं चोपलेली असते आणि घराच्या चढाला असते. बांधाला लागून कधीच लावू नये. दंड, म्हणजे पाण्याची नाली, कुठून जाते ते आधी पाहावं. आणि जिथे उतराल तिथे पहिला प्रश्न हा विचारायचा: "लाईट कधीची आहे?" दिवसाची असेल तर दिवसा सावध, रात्रीची असेल तर रात्री. आमच्याकडे पाहुण्याने हे विचारलं की माणूस शेतीचा आहे असं समजतात.

अजून एक. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि थंडी कडक, अशा रात्री शेताच्या कडेला धूर दिसला तर घाबरू नका. पाला, म्हणजे थंडीत गोठलेलं दव, पडून हरभरा, बटाटा जळू नये म्हणून काडीकचरा पेटवून धूर करतात आणि हलकं पाणी देतात. ओली जमीन कोरडीपेक्षा ऊब जास्त धरते. धुराच्या बाजूला मुलांना पाठवू नका. बाकी काळजी नाही.

एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटतंय. उंदराच्या बिळातून पाणी झिरपतं आणि बांध हळूहळू खचतो, हे खरं. पण दारं धरणारा जागेवर असेल तर पंधरा मिनिटांत त्याच्या लक्षात येतं. रात्रभर पाणी गेलं म्हणताय. असो, पहिल्या पाण्याची रात्र लांब असते, डोळा लागू शकतो.

---

दादरचा_भटक्या | २९ डिसेंबर, दुपारी १:०५

छान लिहिलंय. दोन गोष्टी मोकळेपणाने लिहू का?

पैसे दिलेच पाहिजेत. लोक प्रेमाने नाही म्हणतात, पण पाणी, लाईट, लाकूडफाटा, माणसांचा वेळ, हे सगळं कुणाच्या तरी खिशातून जातं. सातआठ दिवस पाच माणसं म्हणजे थोडं नाही.

दुसरं, तुमच्या सणाच्या दिवशी तुम्ही दाल-बाफले खाल्लेत. यजमान शाकाहारी असतील, मान्य. पण वर्षाचा सण आहे, घरी असता तर कोंबडी शिजलीच असती. मुलांना चुकल्यासारखं नाही वाटलं? एवढं मन मारून कशाला राहायचं?

---

नगरची_वाटसरू | २९ डिसेंबर, दुपारी ३:३०

विचारलंत ते बरं झालं.

कोंबडीचं आधी सांगते. पहिल्याच दिवशी वहिनी स्वतःहून म्हणाल्या, "तुमचं काही असेल तर चूल बाहेर मांडून देते, भांडी वेगळी काढते." सासूबाईंनी नको म्हटलं. त्यांच्यासाठी यात मन मारणं नव्हतं. माई शेजारी बसून आपल्याबरोबर जेवल्या पाहिजेत, एवढंच त्यांना हवं होतं. दोघी एका पानाला पान लावून जेवल्या. मुलांनी बाफले किती खाल्ले ते विचारू नका.

पैशांचं मात्र तुमचं म्हणणं पटतं, म्हणूनच प्रश्न टाकला. दादांना पाकीट दिलं तर त्यांनी ते माईंकडे पाठवलं. माईंनी सासूबाईंना विचारलं, "गाव कुठलं म्हणालात?" नगर जिल्हा. चौंडी किती लांब? सासूबाई म्हणाल्या, त्याच जिल्ह्यात. त्यावर माईंनी पाकीट परत केलं. "अहिल्याबाईंच्या माहेरची माणसं तुम्ही. आम्ही तीन-चार पिढ्या त्यांच्या राज्यात जेवलो. माहेरच्या माणसांकडून कुणी भाडं घेतं का?" आता यावर काय बोलणार?

---

भिंगारची_लेक | २९ डिसेंबर, रात्री ८:१२

अगं, मी तुझ्याच गावची. लग्नानंतर बडोद्याला, बावीस वर्षं झाली.

तुराट्यांची चांदणी वाचून जीव कासावीस झाला. आमच्याकडे बाबा कामट्यांची करायचे आणि १ डिसेंबरपासून घरात खळीचा वास असायचा. आई अनारशांचं पीठ आधीपासून घालून ठेवायची. चकल्या, करंज्या, शंकरपाळी, बेसनाचे लाडू, सगळा फराळ. इथे शेजारणी विचारतात, "नाताळला केक नाही का?" मी म्हणते, केकही असतो, पण आमचा नाताळ चकलीच्या सोऱ्याने सुरू होतो.

आणि कीर्तन! पेटी-तबल्यावर बुवा उभे राहून येशूजन्माचं आख्यान लावायचे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण ओवी-अभंग सोडले नाहीत. म्हणूनच आपल्याला आपल्या भाषेत, आपल्या चालीत गाता येतं. तुझ्या सासूबाईंचे टाळ गोठ्यात वाजले असतील तर त्याच ओळीतलं आहे ते.

देण्याबद्दल म्हणशील तर एक सुचवते. हातांनी काहीतरी कर. तुझ्या सासूबाईंना अनारसे येत असतील. पीठ तयार व्हायला तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलायचं. तुमच्याकडे चार आहेत म्हणालीस.

---

नगरची_वाटसरू | २९ डिसेंबर, रात्री ८:४०

तांदूळ आत्ताच भिजत घातले गं.

---

काळीमाती | ३० डिसेंबर, सकाळी ६:०५

भिंगारच्या ताईंचं बरोबर आहे. वर माझी एक भर. तुमचे यजमान मटार आणि गहू करतात म्हणजे शेजारी लसूणही असेल. खुरपायला माणूस मिळत नाही. एक सकाळ दोघांनी खुरपं धरा. दादा नको म्हणतील, तरी धरा.

---

नगरची_वाटसरू | २ जानेवारी, रात्री ९:१०

थोडक्यात कळवते. लसूण खुरपला, दोन सकाळी. माझ्या हाताला फोड आले, थोरलीच्या नाही. अनारसे पहिल्या घाण्यात हसले, म्हणजे तुपात विरघळून फुटले. दुसरा घाणा जाळीदार झाला. माईंनी चार खाल्ले. १ तारखेला सासूबाईंना व्हाइट चर्चला नेलं. त्या बराच वेळ शेवटच्या बाकावर बसून होत्या.

चांदणी उतरवायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, राहू द्या. आज उज्जैनकडे निघालो.

---

सांवेरची_सून | ९ फेब्रुवारी, रात्री ११:२०

नमस्कार. मी इथे नवीन आहे, खाते आजच उघडले. ताईंनी जाताना धाग्याचा पत्ता दिला होता. वाचायला सवड आज मिळाली. मी त्या शेतावरची वहिनी. माझे मराठी लिहिणे कच्चे आहे, शाळा हिंदीत झाली. चुका सांभाळून घ्या.

काळीमाती काकांनी जे लिहिले त्याबद्दल सांगायचे आहे. तुमचा संशय खरा आहे. उंदराचे बीळ नव्हते.

त्या रात्री यांनी शेवटच्या दोन वाफ्यांचे दार उघडले आणि गोठ्यातून टाळ ऐकू आले. आधी वाटले की गुरे सुटली. जवळ आले तर ही लोकं गात होती. आपण दिसलो तर लाजून थांबतील म्हणून यांनी बॅटरी बंद केली आणि भिंतीला टेकून अंधारात उभे राहिले. फावडे खांद्यावर तसेच. तिन्ही भजने ऐकली. ताई आणि सगळी मंडळी गाडीत गेल्यावरही हे तिथेच उभे होते, किती वेळ ते त्यांनाच ठाऊक नाही. माझे सासरे वारकरी होते. ते गेल्याला अकरा वर्षे झाली, तेव्हापासून आमच्या गोठ्याच्या बाजूला टाळ वाजला नव्हता. तेवढ्यात तिकडे वाफा भरून बांधावरून पाणी गेले.

सकाळी आजीबाई पांढरे लुगडे नेसून गाडीत बसलेल्या पाहिल्या आणि यांना तोंड दाखवता येईना. म्हणून सतरंजीवर आले नाहीत. झोपले नव्हते, विहिरीमागे बसले होते. मला ही गोष्ट संक्रांतीच्या दिवशी सांगितली. ताईंना सांग म्हणाले, मी स्वतः सांगू शकणार नाही.

तो पट्टा जास्त पाण्याने पिवळा पडला होता. थोडा युरिया दिला, आता सावरला आहे. ओंब्या बाहेर पडू लागल्या. चाकाचा खड्डा बुजवलेला नाही, यांनी बुजवू दिला नाही.

चांदणीचा कागद दवाने गेला. तुराट्या आणि तो सायकलचा स्पोक आंब्यावर आहे. धाकट्याला सांगा. होळीला हा गहू उंब्यांना येईल, माई म्हणतात तेव्हा या. गाडी खळ्यावर लावू. लाईट कधीची आहे ते मी आधी कळवीन.